डॉक्टर, पेशंट आणि मधे उभे असलेले आपण

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत आपल्या 'बी' विंगमधील एका ज्येष्ठ सभासद भगिनींनी केलेले हे भाषण. त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ कर्करोग रुग्णालयात परिचारिका म्हणून काम केले आहे. "सगळे मला ओळखतात, नाव कशाला छापता?" असा त्यांचाच आग्रह असल्याने नाव दिलेले नाही. भाषण ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले असून बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



कमिटीने मला सांगितलं, "सिस्टर, आरोग्यावर काहीतरी बोला." कॅन्सर होऊ नये म्हणून काय खावं, काय खाऊ नये, हे सांगितलं तर लोकांना आवडेल, असं सेक्रेटरींचं म्हणणं. मी म्हटलं, ते रोज सकाळी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतंच. (हशा) मला दुसऱ्या गोष्टीवर बोलू द्या. कॅन्सर झालाय, पसरलाय, पूर्ण बरा होणार नाही हे कळलंय, अशा माणसाचे पुढचे दिवस कसे जातात आणि त्यात डॉक्टरांशी असलेल्या त्याच्या नात्याचा वाटा किती असतो, यावर.

समारंभाच्या दिवसांत हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण या पंचवीस वर्षांत आपल्या चार विंग्जमधल्या सात घरांत मी या आजारासाठी जाऊन बसले आहे. त्यातलं एक घर माझं स्वतःचं. तेव्हा विषय आपलाच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. चौथी स्टेज म्हटलं की लोकांना वाटतं, झालं, संपलं. तसं नसतं. कॅन्सर मूळ जागेवरून दुसरीकडे पसरला की साधारणपणे त्याला चौथी स्टेज म्हणतात. बहुतेक वेळा तो मुळापासून जात नाही, पण उपचारांनी आटोक्यात ठेवता येतो. काही जण काही महिने जगतात, काही जण काही वर्षं. म्हणजे जगायचे दिवस असतातच. ते दुखण्यात जातात की बऱ्यापैकी जातात, झोप लागते की रात्रभर छताकडे बघत पडावं लागतं, मनातलं कुणाशी बोलता येतं की नाही, हा खरा प्रश्न असतो. यातलं बरंचसं औषधांवर अवलंबून असतं, आणि औषधं बऱ्याच अंशी पेशंट डॉक्टरांना काय सांगतो यावर.

एक उदाहरण देते. वॉर्डात एक गृहस्थ होते, फुप्फुसाचा कॅन्सर हाडांत गेलेला. डॉक्टर राउंडला आले की म्हणायचे, "बरंय साहेब." डॉक्टर पुढे गेले की उशीत तोंड खुपसून कण्हायचे. मी विचारलं, "काका, दुखतंय हे सांगत का नाही?" तर म्हणाले, "सिस्टर, दुखतंय म्हटलं तर त्यांना वाटेल केमो लागू पडत नाही. मग ते बंद करतील." दुसऱ्या एक बाई म्हणायच्या, "डॉक्टर एवढे कामात असतात, आपली रड कशाला सांगायची?" दोघांनाही दुखण्यावर औषध मिळू शकत होतं. मिळालं नाही, कारण डॉक्टरांपर्यंत ते पोचलंच नाही. म्हणून मी म्हणते, हे नातं म्हणजे नुसता गोडव्याचा मामला समजू नका. विश्वास नसला की पेशंट दुखणं लपवतो, आणि लपवलेल्या दुखण्यावर इलाज होत नाही.

मॉर्फिनचंही तसंच. मॉर्फिन म्हटलं की घरातली माणसं दचकतात. सवय लागेल, किंवा हे शेवटचं औषध, म्हणजे आता आशा सोडली. खरं तर कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायचं मॉर्फिन हे जगभर मान्य असलेलं औषध आहे. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत, ठरलेल्या वेळी घेतलं तर माणूस शांत झोपतो, दोन घास खातो. बद्धकोष्ठ होतं, त्यासाठी सोबत दुसरं औषध देतात. आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे हे औषध मिळणं फार अवघड झालं होतं. 2014 साली कायद्यात दुरुस्ती होऊन वाट थोडी मोकळी झाली. पण घरातल्यांच्या मनातली भीती कायद्याने जात नाही. ती जाते शेजारी बसून पाच मिनिटं समजावणाऱ्या डॉक्टरांमुळे. न समजावता लिहून दिलेल्या गोळ्या उशाखाली तशाच सापडलेल्या मी पाहिल्या आहेत.

याचा अभ्यासही झाला आहे. 2009 साली अमेरिकेतल्या 217 पेशंट्सचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांचा कॅन्सर पुढच्या टप्प्यातला. त्यांना विचारलं होतं, डॉक्टरांना तुमची काळजी आहे असं वाटतं का, प्रश्न विचारायला संकोच वाटतो का, तुम्ही हे सगळं कसं सोसताय हे ते विचारतात का. ज्यांचं डॉक्टरांशी नातं घट्ट होतं, त्यांनी आजार मनाने जास्त स्वीकारला होता, आणि शेवटच्या आठवड्यात आयसीयूत जायची वेळ त्यांच्यावर कमी आली. त्याच्या आदल्या वर्षी, 2008 मध्ये, 332 पेशंट्सचा असाच एक अभ्यास आला होता. शेवटच्या दिवसांत काय हवं, काय नको, हे डॉक्टरांशी बोललेले पेशंट त्यामुळे जास्त खचले का? नाही. नैराश्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त आढळलं नाही.

पण एक तिसरा अभ्यास आहे, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 2012 सालचा, हाही अमेरिकेतला. फुप्फुसाचा किंवा मोठ्या आतड्याचा कॅन्सर पसरलेला, केमो चालू, असे 1193 पेशंट. या केमोने आजार पूर्ण बरा होण्याची शक्यता जवळजवळ नाही, हे किती जणांना कळलं होतं? फुप्फुसवाल्यांपैकी 69 टक्क्यांना आणि आतड्यावाल्यांपैकी 81 टक्क्यांना ते कळलेलंच नव्हतं. आणि गंमत बघा, गंमत कसली म्हणा, "आमचे डॉक्टर फार छान बोलतात" असं ज्यांनी सांगितलं, त्यांच्यात हा गैरसमज उलट जास्त होता.

म्हणजे गोड बोलणं आणि चांगलं नातं एकच असेल असं नाही. डॉक्टरही माणूसच. समोरच्याचा चेहरा पडलेला त्यांनाही बघवत नाही, म्हणून तेही कधीकधी विषय टाळतात. आणि आपल्याकडे तर त्यांना टाळायला आपणच मदत करतो. ते मी पुस्तकात वाचलेलं नाही. मी स्वतः ते केलं आहे.

आमचे यजमान तुम्हाला माहीत आहेत. पहिली अकरा वर्षं ते या सोसायटीचे खजिनदार होते. ज्यांचं मेंटेनन्स थकलं त्यांना तर ते जास्तच आठवत असतील. (हशा) नऊ वर्षांपूर्वी त्यांचं वजन उतरायला लागलं, मग कावीळ झाली. तपासण्या केल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. पहिल्यांदा जिथे दाखवलं तिथल्या डॉक्टरांनी माझ्या मुलाला बाहेर बोलावलं आणि कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या सांगितलं, "आता करण्यासारखं काही नाही. घरी न्या." दोन मिनिटं लागली असतील. मुलगा भिंतीला टेकून खालीच बसला.

मी तेव्हा निवृत्त होऊन एकच वर्ष झालं होतं. आयुष्यभर मी नातेवाइकांना सांगत आले, "पेशंटपासून लपवू नका, त्याला एकटं पाडू नका." आणि स्वतःवर आल्यावर पहिलं वाक्य काय बोलले? "बाबांना काही सांगायचं नाही." मुलीला फोन करून तेच. घरी ह्यांना सांगितलं, कावीळ आहे, पित्ताच्या नळीत अडथळा आहे, काढलं की बरं वाटेल. रिपोर्टची फाइल कपाटात साड्यांखाली ठेवली. सात आठवडे हे चाललं.

मग दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो. आत जायच्या आधी मी एकटीच पुढे गेले आणि म्हटलं, "डॉक्टर, मी स्वतः या कामातली आहे. ह्यांना काही सांगू नका. ते खचतील." डॉक्टर वयाने माझ्या मुलाएवढे. ते रागावले नाहीत. म्हणाले, "सिस्टर, मी त्यांना खोटं सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं नाही तर लादणारही नाही. किती जाणून घ्यायचंय, ते आधी त्यांनाच विचारू." मला त्यांचा राग आला. खरंच आला.

आत गेल्यावर त्यांनी खुर्ची ओढली, ह्यांच्या समोर बसले आणि विचारलं, "काका, तुम्हाला या आजाराबद्दल आतापर्यंत काय समजलंय?" हे थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बायको सांगते कावीळ आहे. पण ती रात्री बाथरूममध्ये नळ सोडून रडते. काविळीला एवढं कोण रडतं?"

त्यांना सगळं कळलं होतं. सात आठवडे ते एकटेच त्या गोष्टीबरोबर पडून होते आणि मला वाटत होतं मी त्यांना वाचवतेय.

डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला सगळं स्पष्ट जाणून घ्यायचंय का?" हे म्हणाले, "खजिनदार होतो मी. शिल्लक किती ते कळल्याशिवाय मला झोप येत नाही." मग डॉक्टरांनी सांगितलं. एकदम सगळं नाही. एक वाक्य, मग थांबायचे, ह्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे, मग पुढचं. केमोने काय मिळू शकतं, काय मिळणार नाही, त्रास काय होईल. आकडा विचारल्यावर म्हणाले, "नक्की कुणी सांगू शकत नाही. पण वर्षाचा बेत करू नका, महिन्यांचा करा. मी बरोबर आहे."

नंतर मी वाचलं की डॉक्टरांना हे शिकवण्याची सहा पायऱ्यांची एक पद्धतच आहे, 2000 साली मांडलेली. शांत जागा बघून बसा, पेशंटला काय माहीत आहे ते विचारा, त्याला किती जाणून घ्यायचंय ते विचारा, मग सांगा, त्याच्या भावना समजून घ्या आणि पुढचा बेत एकत्र ठरवा. सांगण्याच्या आधी दोनदा विचारणं आहे, हे लक्षात घ्या.

त्या रात्री हे माझ्याशी भांडले. म्हणाले, "लोकांना शहाणपण सांगायचीस आणि माझ्याशी खोटं बोललीस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. पण त्यानंतर आमच्या घरात बोलणं सुरू झालं. त्यांनी फ्लॅटच्या नामनिर्देशनाचा फॉर्म भरला, बँकेची कामं उरकली. कन्व्हेयन्सची फाइल त्यांच्याकडे होती, ती नव्या खजिनदारांना दोन दुपारी बसून समजावून दिली. कागद कुठे कुठे आहेत त्याची त्यांच्या अक्षरातली यादी आजही सोसायटीच्या कपाटात आहे. मुलीला परदेशातून वेळेवर बोलावता आलं. पुढे साडेसहा महिने मिळाले. सगळे चांगले गेले असं नाही म्हणणार. उलट्या होत्या, चिडचिड होती, पायाला सूज होती. पण दुखलं की सांगायचे, आणि सांगितलं की त्यावर काहीतरी करता यायचं.

केमो थांबवायची वेळ आली तेव्हा त्याच डॉक्टरांनी सांगितलं, "आता केमोचा त्रास फायद्यापेक्षा जास्त होतोय, ती बंद करू. पण मी गुरुवारी ओपीडीत असतो. जमलं तर या, नाहीतर फोन करा." "करण्यासारखं काही नाही" हे वाक्य त्यांच्या तोंडून एकदाही आलं नाही. आणि करण्यासारखं खरंच पुष्कळ होतं. दुखणं, मळमळ, झोप, तोंडातले छाले.

या कामासाठी वैद्यकातली वेगळी शाखाच आहे, पॅलिएटिव्ह केअर, मराठीत उपशामक सेवा. लोकांना वाटतं ती फक्त शेवटच्या चार दिवसांसाठी. 2010 साली बोस्टनमधल्या 151 पेशंट्सचा अभ्यास आला, फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेले. निम्म्यांना नेहमीचे उपचार, आणि निम्म्यांना त्यासोबत सुरुवातीपासूनच उपशामक सेवा. दुसऱ्या गटातल्यांचं जगणं जास्त सुसह्य होतं, नैराश्य कमी होतं, आणि जगण्याचा मध्यम काळ 8.9 महिन्यांऐवजी 11.6 महिने निघाला. एका अभ्यासावरून आयुष्य वाढतंच असा दावा मी करणार नाही. पण लवकर गेल्याने नुकसान होत नाही, एवढं नक्की.

आपल्या जवळ याची सोय आहे. वांद्र्याला शांती आवेदना सदन 1986 पासून आहे, देशातलं अशा प्रकारचं पहिलं. टाटा मेमोरियलमध्ये स्वतंत्र विभाग आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून आहे, तिथे पेशंटबरोबर घरचं माणूसही राहतं. तुमच्या डॉक्टरांना पहिल्या महिन्यातच विचारा, "उपशामक सेवेकडे पाठवता का?" विचारण्यात त्यांचा अपमान नाही आणि आशा सोडणंही नाही.

आता घरच्यांसाठी चार साध्या सूचना.

पहिली. डॉक्टरांकडे जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या. तीनच न्या, आणि सगळ्यात महत्त्वाचा पहिला विचारा. ओपीडीत बाहेर शंभर माणसं बसलेली असतात. वेळ कमी आहे म्हणून डॉक्टरांवर रागावून उपयोग नाही, पण आहे तो वेळ वाया घालवू नका. राहिलेलं सिस्टरना, समाजसेविकांना विचारा. त्या त्यासाठीच असतात.

दुसरी. दुखण्याची वही ठेवा. शून्य ते दहामध्ये किती दुखलं, कधी, गोळीने किती कमी झालं. "खूप दुखतं" यापेक्षा "रात्री आठ, गोळीनंतर चार" हे डॉक्टरांना लगेच कळतं.

तिसरी. पेशंटच्या वतीने बोलू नका. डॉक्टरांनी "जेवण कसं आहे?" विचारलं की मुलगा सांगतो, सून सांगते. ज्याचं तोंड आहे तो बसलेला असतो. त्याला उत्तर देऊ द्या, उशीर लागला तरी.

चौथी. व्हेंटिलेटर हवा की नको, आयसीयू हवं की नको, हे शुद्धीत असताना बोलून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली याबाबतच्या इच्छापत्राला मान्यता दिली आणि 2023 साली पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करायचं. मी माझं करून ठेवलंय.

आणि शेवटी आपण शेजारी. लिफ्टमध्ये "काय म्हणाले डॉक्टर?" हे विचारू नका. चौथ्या मजल्यापर्यंत काय सांगणार माणूस? "आमच्या आत्येभावाला अमुक पाल्याच्या रसाने गुण आला" हेही नको. त्याने पेशंटचा डॉक्टरांवरचा विश्वास हलतो आणि औषध अर्धवट सुटतं. त्याऐवजी विचारा, "गुरुवारी ओपीडीला गाडी हवी का?" आमच्या वेळी 'सी' विंगमधल्या दोन मुलांनी आलटून पालटून गाडी काढली. वॉचमन गेटजवळची जागा मोकळी ठेवायचा. त्यामुळे हे न दमता डॉक्टरांपर्यंत पोचायचे आणि नीट बोलू शकायचे. हाही उपचारातलाच भाग.

कमिटीला एक विनंती. रौप्यमहोत्सवाच्या निधीतून सोसायटीसाठी एक चाकाची खुर्ची घ्या, आणि गाडी काढायला तयार असणाऱ्यांची यादी नोटीस बोर्डावर लावा. पहिलं नाव माझ्या मुलाचं लिहा, मी त्याला विचारून आले आहे.

(भाषणानंतर एका सभासदांनी प्रश्न विचारला: "माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. तिला सांगितलंच पाहिजे का?")

नाही, सक्ती नाही. काही माणसांना खरंच नको असतं. "डॉक्टर काय ते तुमच्याशी बोलतील, मला नका सांगू" असं म्हणायचा हक्क त्यांनाही आहे. पण ते तुम्ही ठरवू नका, त्यांना विचारा. "आई, डॉक्टरांनी सगळं तुला सांगावं असं वाटतं का आम्हाला?" एवढंच. आणि आज नको म्हणाल्या तर महिन्याने पुन्हा विचारा. मी सात आठवडे विचारलं नाही. तुम्ही तेवढा वेळ घालवू नका.

खाली चहा तयार आहे म्हणतात.